एकच भाजी, सात नावं

पत्र थोडक्यात असं: पत्र लिहिणाऱ्या बाई ३९ वर्षांच्या, पुण्यात नोकरी करतात. घरात नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. माहेर चिपळूणजवळचं. स्वयंपाकाला सहा वर्षं एक मावशी येतात, त्या मूळच्या लातूरकडच्या. काम स्वच्छ, खाडा नाही, स्वभावाने गरीब. तक्रार एकच. दोडका असो, गवार असो, पडवळ असो नाहीतर वांगं, भाजीची चव तीच. कांदा, टोमॅटो, आलं-लसणाची पेस्ट आणि पाकिटातला मसाला. मध्यंतरी आई आठ दिवस राहून गेली आणि जाताना म्हणाली, ‘तुझ्याकडे एकच भाजी सात नावांनी होते गो.’ त्याच आठवड्यात मुलानेही ताटात बघून विचारलं, ‘ही कालचीच भाजी आहे का?’ मग एका रविवारी बाईंनी स्वतः अळूचं फदफदं केलं, तर सगळ्यांचे घसे खाजले. (सोमवारी उरलेलं फदफदं बघून मावशी म्हणाल्या, ‘देठं सोलली न्हाईत व्हय ताई?’) नवऱ्याचं म्हणणं, वेळेवर गरम पोळी-भाजी मिळतेय, कशाला खुसपट काढतेस. आता बाईंपुढे तीन वाटा आहेत: मावशी बदलायच्या, मावशींना व्हिडिओ दाखवून कोकणातल्या भाज्या शिकवायच्या, किंवा पहाटे पाचला उठून भाजी आपणच करायची. त्या लिहितात, ‘आईच्या हातची एकही भाजी माझ्या मुलाच्या जिभेवर राहणार नाही आणि याचा दोष माझाच वाटतो.’

*

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय.

मावशींचं ते देठांबद्दलचं वाक्य. तुम्ही ते जरा ओशाळून लिहिलंय, मला मात्र त्यात दुसरंच काही ऐकू आलं. उरलेल्या फदफद्याचा वाडगा नुसता बघून ज्या बाईला देठं सोललेली नाहीत हे कळतं, तिने आयुष्यात पुष्कळ अळू शिजवलेला आहे. म्हणजे सहा वर्षं तुमच्या ओट्याशी एक जाणती सुगरण उभी आहे, आणि तुम्ही मला विचारताय की तिला भाज्या शिकवायच्या कशा! रागावू नका. मीही हेच केलेलं आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी जरा हिशोब मांडू. मावशी तुमच्याकडे पाऊण तास असतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यात बारा-चौदा पोळ्या, कुकर, भाजी, कोशिंबीर आणि शेवटी ओटा पुसणं. कणीक भिजवण्यापासून धरलं तर पोळ्यांनाच पंचवीस मिनिटं जातात. कुकर बाजूला आपलं आपण होतं म्हणा, पण भाजी निवडून, चिरून, फोडणी देऊन, शिजवून उतरवायला उरतात पंधरा मिनिटं. त्यानंतर मावशींना पुढचं घर गाठायचं असतं. तुमच्यासकट चार घरं आहेत म्हणता. पंधरा मिनिटांत कुठलीही भाजी हमखास खाण्याजोगी करून दाखवायची असेल, तर कांदा-टोमॅटो परतून पाकिटातला मसाला घालण्याइतकी खात्रीची युक्ती दुसरी नाही. मलाही सुचली नसती.

शिवाय चार घरं म्हणजे चार घरांची बोलणी. एका घरी तेल जास्त झालं म्हणतात, दुसरीकडे लसूण चालत नाही, तिसरीकडे ‘मावशी, हे काळं काळं काय घातलंय?’ म्हणून कारळ्याचं कूट चमच्याने बाजूला काढून ठेवतात. पाच-सहा वर्षं असं ऐकलं की माणूस आपली चव पदराला बांधून ठेवतो आणि कोणाच्याच डोळ्यांवर येणार नाही अशी एक लालसर, मध्यम तिखट, गुळगुळीत भाजी करायला शिकतो. तुमच्या ताटात रोज येते ती ही भाजी. ती लातूरची नाही, चिपळूणची नाही, पुण्याचीही नाही.

म्हणून मावशी बदलण्याचा विचार मी पहिल्यांदा बाजूला ठेवीन. नव्या मावशी येतील, त्यांनाही पाऊण तासच मिळेल, त्याही चार घरी बोलणी खाऊन आलेल्या असतील. आठ दिवसांत तीच भाजी परत ताटात. आणि बिनखाड्याचं माणूस घालवल्याबद्दल सासूबाई वर्षभर तुमच्याकडे कशा बघतील, ते तुम्हीच ठरवा.

आता जरा तुमच्या आईंच्या स्वयंपाकघरात जाऊ. तुम्ही लिहिलंय, ‘संध्याकाळी माजघरात सगळ्या डाळिंब्या सोलत बसायच्या.’ या सगळ्या म्हणजे कोण? आजी, मोठी काकू, आई, अधूनमधून शेजारच्या वहिनी आणि फ्रॉकातल्या तुम्ही. वाल रात्री भिजवायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून सालातून बाहेर काढायचा. वाटीभर डाळिंब्यांना दोन दिवस आणि दहा हात. केळफुलाचं तेच. प्रत्येक फुलातला तो कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचं, तेव्हा कुठे त्याची राप आणि काळेपणा जातो. फणसाच्या कुयरीला तर विळी, हात आणि चिरणारा माणूस, तिघांनाही तेल लावावं लागतं. गॅसवरचं काम यात सगळ्यात थोडं. आपल्या जुन्या भाज्या जास्त करून निवडण्यात, सोलण्यात, भिजवण्यात घडतात. तुम्ही ‘आईच्या हातची चव’ म्हणता, त्यात किमान पाच जणींचे हात आहेत. आईंनाही ती भाजी एकटीने, नोकरी सांभाळून, पुण्याच्या ओट्यावर करायला सांगितली असती, तर त्यांनीही टोमॅटो चिरला असता. हे त्यांना तोंडावर सांगू नका.

पहाटे पाचची कल्पनाही म्हणूनच मला पटत नाही. पाचला उठून तुम्ही फोडणी द्याल, पण निवडायचं काय? ते रात्री अकराला. असं पंधरा दिवस चालेल, सोळाव्या दिवशी तुम्ही आजारी पडाल, आणि मग घरात ‘भाजी’ या शब्दालाच सगळे घाबरतील. भाजीसाठी घरातल्या एका बाईची झोप जाते आणि बाकीचे ‘आज मस्त झालीय हं’ म्हणतात, ही सुद्धा एक जुनी परंपराच आहे. ती मुलाच्या जिभेवर नाही राहिली तरी चालेल.

आता ‘पारंपरिक’ या शब्दाकडे वळते. टोमॅटोने सगळं बिघडवलं, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. थोडा खरा आहे तो. पण टोमॅटो, बटाटा आणि मिरची तिन्ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोहोचले, त्याच्या आधी आपल्याकडे यांतलं काहीच नव्हतं. तुमच्या आजीच्या लाल मिरच्यांच्या खमंग फोडणीतलं अर्धं सामान परदेशी. तेव्हा टोमॅटो परका म्हणून त्याला हाकलायचं कारण नाही. त्याचा गुन्हा वेगळा आहे: त्याने एकट्याने सगळ्या आंबटांच्या जागा बळकावल्या.

जरा आठवून बघा. अळूला चिंच. डाळिंब्यांना आमसूल. पालकाला ताक. भेंडीला आमसूल किंवा दह्याचा हबका, त्याने ती बुळबुळीतही होत नाही. उन्हाळ्यात कशातही कैरीची फोड. अंबाडी आणि चुका तर अंगचेच आंबट, त्यांना बाहेरचं काही लागतच नाही. जे आंबटाचं, तेच दाटपणाचं. कोकणात ओलं खोबरं, देशावर दाण्याचं कूट, मराठवाड्यात तीळ आणि कारळं, खानदेश-विदर्भात सुकं खोबरं किंवा पेरलेलं डाळीचं पीठ. आणि तिसरी फोडणी: गवारीला ओवा, फदफद्याला मेथीदाणे, शेपूला ठेचलेला लसूण, डाळिंब्यांना हिंग-जिरं. भाजीला तिची स्वतःची चव या तीन ठिकाणांहून येते. तुमच्या ओट्यावर तिन्ही ठिकाणी सहा वर्षं एकच उत्तर चाललंय, म्हणून मुलाला कालची भाजी आजची वाटते. (मुलाची जीभ अगदी शाबूत आहे, हे लक्षात घ्या. त्याला फरक नसल्याचं कळलं. तुमची चिंता निम्मी तिथेच मिटायला हवी.)

यातून निघणारा पहिला उपाय इतका सोपा आहे की सांगायला संकोच वाटतो. टोमॅटो ओट्यावरून उचला आणि फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात मागे टाका. त्याच्या जागी पाच डबे ठेवा. रविवारी संध्याकाळी घरातल्यांनी मिळून चाळीस मिनिटांत ते भरायचे. एकात खमंग भाजलेल्या दाण्यांचं कूट, फार बारीक नाही, दाताखाली आलं पाहिजे. दुसऱ्यात तीळ आणि कारळं वेगवेगळं भाजून एकत्र केलेलं कूट. तिसऱ्यात चिंचेचा कोळ, हा फ्रिजमध्ये. चौथ्यात खवलेलं ओलं खोबरं, छोट्या छोट्या मुठी करून फ्रीझरमध्ये. पाचव्यात आमसुलं. पाकिटातला मसाला फेकू नका, मागच्या रांगेत ठेवा. ज्या दिवशी सगळंच फसेल त्या दिवशी तो लागतो.

एवढं समोर असलं की मावशींची पंधरा मिनिटं तीच राहतात आणि भाजी बदलते. गवार घ्या. रात्री तुमच्यापैकी कोणीतरी ती मोडून, शिरा काढून ठेवलेली. सकाळी तेलात मोहरी, हिंग, हळद, ओवा, त्यावर गवार, आणि झाकणात पाणी. हे झाकणावरचं पाणी अलीकडे फार घरांतून गेलंय. खोलगट ताटली झाकायची आणि त्या ताटलीत वाटीभर पाणी ओतायचं. आतली वाफ गार ताटलीला लागून परत भाजीवर ठिबकते, गवार स्वतःच्याच ओलाव्यात शिजते, बुडाला लागत नाही. लागलंच तर ताटलीतलं कढत पाणी चमचाभर आत. मऊ झाली की मीठ, गुळाचा खडा, तिखट, दोन चमचे कूट, एक वाफ. झालं. याच वेळात दुसऱ्या दिवशी पडवळ: रात्री भिजवलेली मूठभर हरभरा डाळ, फोडणीत कढीपत्ता आणि हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. तिसऱ्या दिवशी ताकातला पालक, त्यात तर चिरण्याखेरीज काही कामच नाही. यातल्या एकाही भाजीला कांदा लागत नाही. कांदा सोलून, चिरून, लाल होईपर्यंत परतण्यातली पाच-सात मिनिटं वाचली, हाही मावशींचा फायदा.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखीच हौसेने आमच्याकडच्या बाईंना सात भाज्यांच्या कृती संगणकावर टाइप करून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिल्या. त्या ‘हो हो’ म्हणाल्या. भाजी बदलली नाही. दोन महिन्यांनी फ्रिजखाली झाडू घातला तेव्हा सातही कागद तिथे मिळाले. मला वाटलं, हट्टी आहेत. खरी गोष्ट अशी होती की त्यांना ती बारीक अक्षरं लागत नव्हती आणि चष्मा करायचा राहिला होता. मी एकदाही तोंडाने सांगितलं नव्हतं, की त्यांना विचारलंही नव्हतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या वाटेबद्दल, व्हिडिओंबद्दल, मला शंका आहे. व्हिडिओत केळफूल आठ मिनिटांत होतं, कारण निवडायचा तास कापून टाकलेला असतो. तो हातात घेऊन तुम्ही मावशींपुढे उभ्या राहिलात, तर त्यांना एवढंच कळेल की ताईंना आपली भाजी आवडत नाही. सहा वर्षांनंतर ते कळणं वाईट लागतं.

मग बोलायचं कसं? माझं ऐकाल तर तक्रारीने सुरुवातच करू नका. ‘आईसारखी होत नाही’ हे शब्द तर अजिबात नकोत. सरळ विचारा, ‘मावशी, तुमच्याकडे दोडका कसा करतात?’ पहिल्यांदा उत्तर येईल, ‘करतो की असाच.’ ते खरं उत्तर नाही, ती सवय आहे. थोडं थांबून परत विचारा, ‘गावाकडं? तुमच्या आई कशा करायच्या?’ आता थोडं थोडं निघेल. तिळाचं कूट निघेल, लसूण निघेल, शिरा फेकायच्या नाहीत, त्यांची चटणी करायची हे निघेल. मग म्हणा, ‘शनिवारी तशीच करा, आम्हालाही खाऊ द्या.’ आणि केली की त्यांच्यासमोर वाढून घ्या, चव आवडली नाही तरी पहिल्या घासाला तोंड वाकडं करू नका. तिखट झाली असेल तर घरात दही असतंच.

त्यांनी कदाचित नकोही म्हणावं. ‘आमचं कशाला, तुम्हाला नाही चालायचं’ असं म्हणून विषय मिटवतील. मागे लागू नका. आपल्या घरचं अन्न लोकांच्या ताटात ठेवून त्यांचे चेहरे बघणं सोपं नसतं. महिन्याने परत विचारा.

आणि पैसे. याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. केळफूल, डाळिंब्या, भरली वांगी पाऊण तासात बसणार नाहीत. आठवड्यातून एकदा अशी भाजी हवी असेल तर त्या दिवशी अर्धा तास जास्त थांबता येईल का, हे विचारा आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे आधी तुम्ही बोला, त्यांना मागायला लावू नका. शनिवारी त्यांचं एखादं घर बंद असेल तर जमेलही. नसेल जमत तर ती भाजी घरच्यांनी करायची. जुन्या पगारात नव्या भाज्या मागणं बरं नव्हे, मग आपण त्यांना कितीही प्रेमाने मावशी म्हणत असू.

घरच्यांनी म्हणजे कोणी? तुमच्या पत्रात नवरा फक्त एका वाक्यापुरता येतो, ‘कशाला खुसपट काढतेस’ या. त्यांना रात्री बातम्या बघताना समोर गवारीचं ताट द्या. गवार मोडायला कुठलंही घराणं लागत नाही. सासूबाईंना काम सांगू नका, विचारा. त्या काही बोलत नाहीत असं तुम्ही लिहिता. त्याही कुठून तरी आल्या असतील, त्यांच्याही आईच्या काही भाज्या असतील. अनेक घरांत स्वयंपाकाला बाई लागली की ज्येष्ठ बायका ओट्यापासून दूर होतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. भाजी निवडायचं ताट कधीकधी त्यांना हवंच असतं. कधी नसतंही, आयुष्यभर निवडून कंटाळलेल्या असतात. दोन्ही उत्तरं मान्य करा.

मुलाला मात्र कामाला लावाच. डाळिंबी सोलायला नऊ वर्षांची बोटं अगदी योग्य मापाची असतात. चिमटीत दाबल्यावर ती सालातून सुळ्ळकन उडते, टीव्हीवर जाऊन आपटते, हा त्याच्या दृष्टीने खेळ आहे. जिभेवर चव राहावी म्हणून तुम्ही झुरताय. जी भाजी त्याने स्वतः सोलली, ती तो चाखून तरी बघेल.

फदफद्याचं राहिलं. घसा खाजण्यात तुमचा हात वाईट असल्याचं काही सिद्ध होत नाही. अळूच्या पानादेठांत कॅल्शिअम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कच्चं राहिलं की ते टोचतात. बाजारातून भाजीचा अळू आणा, हिरव्या देठांचा. काळ्या देठांचा तो वडीचा. बोटांना तेल लावून देठं सोला, साल लांबच लांब निघते, आणि बारीक चिरा. पानं, देठं, भिजवलेली हरभरा डाळ आणि दाणे कुकरमध्ये अगदी गाळ शिजवा. पहिल्या वेळी दोन शिट्ट्या जास्तच द्या. नंतर चमचाभर डाळीचं पीठ लावून डावाने चांगलं घोटा. चिंच आता, शिजल्यावर. आधी घातलीत तर डाळ टणक राहते. चिंच घालून मात्र पाच-सात मिनिटं खळखळ उकळू द्या, मग गूळ, गोडा मसाला, आणि शेवटी मेथीदाणे, हिंग, लाल मिरचीची वरून फोडणी. तुम्ही चिंच विसरला होतात की घाईत उतरवलं होतंत, ते पत्रावरून कळत नाही. देठं सोलली नव्हतीत एवढं कळलं, मावशींमुळे.

याच बाबतीत दुसऱ्या टोकाचीही पत्रं मला येतात, नागपूर-अकोल्याच्या सुना मुंबईत, मालवणच्या मुली संभाजीनगरात. ‘आमच्याकडच्या भाज्या इथे मिळतच नाहीत.’ त्यांना आणि तुम्हालाही सांगते, सातही दिवस माहेर शिजवायचा अट्टहास सोडा. वर्षातले काही दिवस पक्के धरा. ऋषिपंचमीची भाजी तुमच्याकडची: अळू, लाल भोपळा, माठाची देठं, सुरण, मक्याचे तुकडे, सगळं एका पातेल्यात. भोगीची भाजी मात्र मावशींच्या हातची करून घ्या, तिळाचं कूट आणि बाजरीच्या भाकरीसकट, कारण त्यांच्याकडे ओला हरभरा, वांगी, पावटे आणि गाजरांना जी चव येते ती आपल्या कोकणातल्या लोकांना साधत नाही. (मीही कोकणातलीच, म्हणून बोलायचा अधिकार आहे.) थंडीत त्यांना करडईची कोवळी भाजी कुठे मिळते ते विचारा. हरभऱ्याचा पाला आणला तर तो धुऊ नका म्हणतील. त्याच्यावरची आंब धुऊन गेली की चव गेली. ऐका त्यांचं.

तुमचं पत्र जूनच्या शेवटच्या आठवड्यातलं आहे, म्हणजे हे छापून येईपर्यंत बाजाराच्या कडेला पावसाळी भाज्यांच्या जुड्या लागलेल्या असतील. टाकळा दिसला की दोन जुड्या घ्या. अगदी कोवळा, फुलं न आलेला. जून झाला की कडू लागतो. रात्री पानं खुडून फडक्यात गुंडाळून ठेवा आणि सकाळी मावशी यायच्या वेळेला ते फडकं ओट्यावर उघडं ठेवा. काही सांगू नका. तुमच्या चिपळूणचा टाकळा म्हणजे मराठवाड्यातला तरोटा, झाड एकच. तुमच्या आई त्यात ओलं खोबरं घालतात. मावशी काय घालतात ते मला माहीत नाही, लसूण तर नक्कीच घालतील. त्या दिवशी कार्यालयात अर्धा तास उशिरा जाता आलं तर जा आणि ओट्याशी उभं राहून बघा. कळवा मला, टोमॅटो मागितला का ते.